खोली धुऊन ठेवायची

३ फेब्रुवारी
मालक सकाळीच दारात. म्हणे इमारत धोकादायक झालीय, पाडावीच लागणार. "महिनाअखेर खोली सोडा बाई. उद्या काही झालं तर माझ्या डोक्याला ताप." भिंतीला साधी चीर नाही! मामंजी कॉटवरून म्हणाले, "इमारतीआधी मीच पडेन, तेवढं थांब म्हणावं त्याला." हसू आलं. मग दिवस मोजले.

४ फेब्रुवारी
ज्याच्या खोल्या मी साफ करते त्या एजंटला सांगितलं, आमच्यासाठी एक खोली बघ. भाडेकरू गेला की रिकामी खोली धुऊन-पुसून पुढच्यासाठी तयार करायची, हेच माझं काम. गावातल्या निम्म्या मोऱ्या मी घासल्यात. मला नाही खोली मिळणार तर कुणाला? तो म्हणाला, "तुम्ही तर घरच्याच. बघतो की."

९ फेब्रुवारी
दोन ठिकाणी नकार. पहिलीकडे — "नवरा?" गेला. "मग हे म्हातारे कोण?" सासरे. बाईने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. दुसरा निदान सरळ बोलला. "खोलीत म्हातारं माणूस गेलं की पुढे कुणी घेत नाही हो ती." असं तोंडावर! मामंजी बाहेर जिन्यावर बसले होते. ऐकलं असणार.

१५ फेब्रुवारी
टाकीजवळची खोली, भाडं परवडणारं. एजंट म्हणाला, आधी साफ तर करा, मग मालकिणीशी बोलतो. मला वाटलं, झालीच आपली. भिंतीतली भोकं बुजवली, चुना मारला, खिडकीच्या काचा चकाचक केल्या. कॉट कुठे ठेवायची तेही ठरवलं. मालकीण आली आणि बघतच राहिली. "अगंबाई, इतकी छान निघाली होय ही!" आणि तिथल्या तिथे भाडं वाढवलं. स्वतःच्याच हाताने पायावर धोंडा. जरा हातचं राखून काम केलं असतं तर! त्याच मोरीत बसून रडले.

२२ फेब्रुवारी
आजही नाही.

२७ फेब्रुवारी
मिळाली ती जिन्याखालची. कॉट टाकली की संपली. नणंदेचा फोन — "बाबांना रविवारी घेऊन जाते, वहिनी. तू एकटी कुठे कुठे पुरणार?" चुकीचं काही बोलली नाही. मामंजी आधी भडकले, "मी काय कॉट आहे, इकडून तिकडे हलवायला?" मग म्हणाले, "तुझी सोय झाली ना? मग झालं." नवरा गेल्यापासून आम्हीच दोघं एकमेकांना. मला नाही राहवणार यांच्याशिवाय.

२८ फेब्रुवारी
खोली सोडली. मालकाला चावी दिली. दुसरी मामंजींच्या बंडीच्या खिशात होती. मागितली तर म्हणाले, "असू दे. पाडायचीच आहे ना, कुलपाला कोण विचारतंय?" रात्री जिन्याखाली ते आत, मी दाराबाहेर झोपले.

३ मार्च
एजंटचा फोन. "उद्या एक खोली धुऊन ठेवा. चांगले भाडेकरू येतायत, दुप्पट भाडं देणारे." पत्ता सांगितला.
आमचाच!
पाडायची कधी नव्हतीच. आणि आम्ही तिथे राहायचो, हे या 'घरच्या' माणसाला ठाऊकही नाही.
"चावी आणून देऊ?"
म्हटलं, नको. आहे माझ्याकडे.
नणंदेला कळवलं, रविवारी येऊ नकोस. उद्या झाडू-बादली नेणार नाही. कॉट नेणार.