वल्लभदासांच्या तसबिरीपुढचं कार्ड

जामनगर,
गुरुवार, दुपारची जेवणं झाल्यावर

पूज्य मधुमामा, तुमच्या पायांवर वसुमतीचं डोकं, आणि मामींना जय श्रीकृष्ण.

कानाचं नवं यंत्र कसं आहे? मामी सांगत होत्या की ते घातल्यापासून तुम्हाला सगळं ऐकू येतं, आणि म्हणूनच तुम्ही ते काढून ठेवता. (तुम्ही शेजारीच बसला होता म्हणे, म्हणजे यंत्र तेव्हाही डबीतच असणार.) मामींचं तळलेलं बंद आहे ना? भावनगरात राहून गाठिये सोडायचे म्हणजे तपश्चर्याच. इकडे आम्ही ठणठणीत आहोत. तुमचे जमाईही बरे आहेत. बोलत नाहीत, पण ते लग्नापासूनचं आहे, त्याची काळजी नको.

आता मुद्द्यावर येते. राजकोटच्या ज्या कंपनीला आम्ही स्विचांचे पितळी तुकडे पुरवायचो, तिनं दिवाळीनंतर प्लास्टिकचा रस्ता धरला. मोठं गिऱ्हाईक तेवढं एकच होतं. दरेडच्या आमच्या कारखान्यात लेथ इतक्या गप्प झाल्या की शेजारच्याचा रेडिओ ऐकू यायला लागला. तुमच्या जमाईंनी आठवडाभर विचार केला आणि जेवताना म्हणाले, "लेथ विकू." दोन शब्द. मी म्हटलं, "सासऱ्यांनी बसवलेल्या लेथ मी जिवंत असेपर्यंत हलणार नाहीत. तुम्ही बनवत राहा, माणसं मी आणते." माणसं कुठून आणायची हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण आमटी वाढताना आवाज चढला की मग मागे फिरता येत नाही.

माणसं मिळतात ती प्रभात व्यापार मंडळात, असं कळलं. दर गुरुवारी सकाळी, जामनगरात दूधवाले आणि कुत्री सोडून कुणी जागं नसतं अशा वेळी, हे लोक एका हॉटेलात जमतात, उपमा खातात आणि एकमेकांना गिऱ्हाइकं देतात. नियम असा की एका धंद्याचा एकच माणूस. आणि मामा, जामनगरात पितळी पार्टवाला! इथे दगड मारला तर पितळवाल्याला लागतो, आणि तो दगड उचलून त्यात पितळ किती ते बघतो. त्या एका खुर्चीसाठी रांग कलेक्टर कचेरीपर्यंत गेलेली. अध्यक्ष प्रफुल्लभाई वसावडा (विमा विकतात, त्यामुळे समोरच्याकडे तो आज ना उद्या जाणारच अशा नजरेनं बघतात) मला म्हणाले, "बेन, दुसरं काही बनवता का?" दिवाळीला उरलेल्या पितळातून आम्ही देवघराच्या चार घंट्या ओततो, त्या आठवल्या. "घंट्या!" मी म्हटलं. घंटीवाल्याची खुर्ची रिकामीच होती. ती आजवर कुणी मागितलीच नव्हती.

तिथं प्रत्येकानं उभं राहून एक मिनिट आपल्या धंद्याबद्दल बोलायचं असतं. मी घंटी वाजवूनच सुरुवात केली. उपमा खाणाऱ्यांतल्या दोघांनी सवयीनं हात जोडले, एका डॉक्टरांनी डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. पहिल्या महिन्यात मला एकच फायदा झाला: प्रफुल्लभाईंनी ती घंटी माझ्याकडून मागून घेतली आणि लांबण लावणाऱ्यांना गप्प करायला वापरायला लागले. सगळं मंडळ त्या आवाजाचा तिरस्कार करायला लागलं, म्हणजे पर्यायानं माझा.

पण मी हटले नाही. अहमदाबादहून मंडळात धंदा वाढवायचं शिकवणारे एक गृहस्थ आले होते. ते म्हणाले, "जिथे चार माणसं, तिथे तुमचं कार्ड. ओळख हीच मालमत्ता." मी लगेच कार्डं छापली. भाजीबाजारात दिली, हवेलीत देवाच्या दर्शनाच्या रांगेत दिली, दात काढायला गेले तेव्हा तोंडात कापूस असताना दिली. (दातांच्या डॉक्टरांनी ते कार्ड वाचून विचारलं, "घंटी कशाला?" मला उत्तर देता येत नव्हतं, म्हणून मी मान हलवत राहिले.) घरी तुमचे जमाई बघत होते. एकदा म्हणाले, "दमशील." तो त्या आठवड्यातला शब्द.

मग वल्लभदास गेले. शेंगदाणा तेलाचे मोठे व्यापारी, मंडळातल्या नलिनकांतभाईंचे वडील. शोकसभेला सगळं मंडळ पांढऱ्या कपड्यांत. खरं सांगते मामा, त्या दिवशी माझा काही हेतू नव्हता. रांगेतून पुढे सरकून तसबिरीपुढे फूल वाहायचं होतं. एका हातात पर्स आणि सवयीनं तिच्याबरोबर धरलेलं कार्ड, दुसऱ्यात फूल, पदर घसरत होता. मी डोळे मिटून वाहिलं, हात जोडले, आणि डोळे उघडले तर फूल माझ्या हातात आणि वल्लभदासांच्या चरणी माझं कार्ड. "कंसारा घंटी केंद्र. एकदा वाजवाल तर पुन्हा याल."

मी उचलायला वाकले, तोवर मागच्या बाईंनी त्यावर गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या. नलिनकांतभाईंनी ते पाहिलं होतं. संध्याकाळी प्रफुल्लभाईंचा फोन आला. आवाज विम्याचा हप्ता चुकल्यासारखा. "वसुमतीबेन, नलिनभाई फार दुखावलेत. गुरुवारी मंडळातून तुमचं नाव काढावं लागेल." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटत बसले. पोळ्या इतक्या झाल्या की तुमच्या जमाईंनी येऊन गॅस बंद केला.

त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, आता म्हणतील, लेथ विकू. त्यांनी चप्पल घातली. "चल," म्हणाले. "कुठं?" "माफी मागायला."

वल्लभदासांच्या घरी आम्ही ओसरीवर बसलो. नलिनकांतभाई समोर उभे, बसायला तयार नाहीत. मी वाटेत मोठं भाषण जुळवलं होतं, पण ते मुंडण केलेलं डोकं बघून एक अक्षर फुटेना. मामा, तुमची वसुमती गप्प बसली! बोलले ते तुमचे जमाई. म्हणाले, "नलिनभाई, चूक झाली. हेतू नव्हता. काम नाही म्हणून ही सगळीकडे कार्डं घेऊन फिरते. माझ्यामुळे. मला बोलता येत नाही, म्हणून हिला माझ्या वाटचंही बोलावं लागतं."

एवढं लांब मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. मला रडू यायला लागलं, आणि तेवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला.

वल्लभदासांच्या पत्नी, जडावबा. पांढऱ्या साडीत भिंतीला धरून बाहेर आल्या. "नलिन, बस खाली," म्हणाल्या. "तुझे बापू माझ्या बाळंतपणात डॉक्टरला तेलाचा भाव सांगत होते. तुझ्या लग्नात भटजीला तेलाचा डबा विकला, मंगलाष्टकं थांबवून. आता त्यांना कुणीतरी कार्ड दिलं, तर तू रागावतोस? जिथे असतील तिथे खूश झाले असतील!" आणि पदर डोळ्यांना लावून इतक्या हसल्या की ते हसणं कुठं संपलं आणि रडणं कुठं सुरू झालं ते कळलं नाही. नलिनकांतभाईही मग खाली बसले. आईच्या पायापाशी.

चहा आला. जडावबांनी तुमच्या जमाईंना विचारलं, "घंटी चांगली वाजते का रे?" ते म्हणाले, "ऐकून ठरवा." खिशात एक होती. (खिशात! मी महिनोन्‌महिने कार्डं वाटत होते आणि हे घंटी खिशात घेऊन फिरत होते, कुणाला न सांगता!) जडावबांनी ती वाजवली, नाद थांबेपर्यंत ऐकली, आणि म्हणाल्या, "यांच्या नावाची लहाणी, आठवणीची भेट, वाटायची आहे गोतावळ्यात. सगळे स्टीलचे डबे देतात, त्यात लोक डाळ भरतात आणि माणूस विसरतात. मी घंट्या वाटणार."

वल्लभदासांचा गोतावळा द्वारकेपासून सुरतेपर्यंत पसरलेला आहे. आमच्या लेथ पुन्हा चालू झाल्या, शेजारच्याचा रेडिओ ऐकू येईनासा झाला. मंडळातलं माझं नावही राहिलं. नलिनकांतभाईंनीच उभं राहून सांगितलं, आणि लांबण लागली तरी प्रफुल्लभाईंनी घंटी वाजवली नाही. तेव्हा मामा, लोक काही म्हणोत, ओळखी वाढवण्यासारखं दुसरं भांडवल नाही, आणि मला आता कुणाच्या मदतीची गरज उरलेली नाही.

मामींना जपा. यंत्र घालत जा.

तुमची भाची,
वसुमती

ता. क. जडावबांचं माहेर भावनगरचं, त्यामुळे बऱ्याच घंट्या तुमच्याच गावात वाटायच्या आहेत. त्या पेटीत भरून तुमच्या पत्त्यावर पाठवल्या आहेत. तुम्ही निवृत्त आहात, ओळखीही भरपूर. प्रत्येक घरी जाऊन द्यायची, बसायचं, चहा घ्यायचा, आणि निघताना एक कार्ड ठेवायचं. फुलाऐवजी नको, फक्त.

ता. क. २. कार्डं पेटीच्या तळाशी आहेत. त्यांवर तुमचं नाव आणि फोन नंबर छापला आहे, "भावनगर प्रतिनिधी" म्हणून. विचारायचं राहून गेलं.

ता. क. ३. (हे अक्षर माझं नाही, तुमच्या जमाईंचं आहे.) मामा, नमस्कार. पेटी काल निघाली. यंत्र घालू नका. दारावरची बेल ऐकू येईल.