काच की बटणं

४ फेब्रुवारी, मंगळवार

लॅपटॉप जाणार! साहेबांनी सकाळी सगळ्यांसमोर सांगूनच टाकलं. पुढच्या वर्षीपासून लिफ्टच्या तपासणीला हातात धरायचे टॅब. टॅबवाली कंपनी खास आमच्या कामासाठी बनवून देणार आहे, नमुन्याचा एक आलाय, आणि त्यात काय काय हवं त्याची यादी मागितली आहे. "यादी तुम्हीच करा. बावीस वर्षं शाफ्टमध्ये काढलीत, तुमच्याइतकं कोणाला कळणार?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उजवा हात खिशात घातला.

कारण उजवा अंगठा. ऑक्टोबरपासून थरथरतोय. कोणालाही सांगितलेलं नाही, हिलासुद्धा नाही. लॅपटॉपवर मनगट टेकवता येतं, बटण दाबलं की दाबलं. काचेवर सगळं उघडं पडणार. तपासनीसाचाच हात थरथरतो म्हटल्यावर मला शाफ्टमध्ये कोण उतरू देईल?

५ फेब्रुवारी

यादीला बसलो. बॅटरी दिवसभर टिकावी. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत थेट ऊन येतं, तिथेही अक्षर दिसावं. ग्रीसच्या बोटांनी चालावं. पाठीमागे पट्टा हवा, नाहीतर हातातून सुटला की नऊ मजले खाली! हे सगळं खरंच हवं आहे. पण सगळ्यात वर मी काय लिहिलं — "बाजूला खरी बटणं असावीत, लॅपटॉपसारखी."

टॉर्चने वाचलं. (आमचा धाकटा तपासनीस. भर दिवसाही कपाळावर टॉर्च बांधून फिरतो.) म्हणाला, "काका, मग लॅपटॉपच काय वाईट होता?" मीही हसलो. ओळ मात्र तशीच ठेवली.

७ फेब्रुवारी

जेवताना ही म्हणाली, "अहो, चमचा डाव्या हातात का?" म्हटलं, उजव्याला भाजलंय. "बघू." मी हात धुवायच्या निमित्ताने उठलो.

अण्णांचंही अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी आई त्यांना भरवायची. भीती वाटते. लिहूनही कमी होत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

नमुन्याचा टॅब घेऊन एका दवाखान्याच्या लिफ्टवर गेलो. सात मजले. ब्रेकचं अस्तर पार झिजलेलं, पाहताक्षणी कळत होतं. फॉर्मवर दोष असेल तर चौकटीत खूण करायची — एकदा दाबलं की खूण येते, पुन्हा दाबलं की जाते. लॅपटॉपवरही हीच पद्धत. खूण केली, सही केली, पाठवून दिलं. सुटलो! काचेवरही जमतंय म्हणायचं.

११ फेब्रुवारी

जमलं नव्हतं!

साहेबांच्या टेबलावर दवाखान्याचा दाखला. "दोष नाही. वापरास योग्य." खाली माझी सही. म्हणजे खूण लागली आणि त्याच थरथरीत पुसली गेली. काल दुपारपासून त्या लिफ्टमधून खाटा वरखाली होत होत्या, सलाईन लावलेली माणसं घेऊन!

रिक्षाने धावलो. मेन स्विच स्वतः पाडला, कुलूप घातलं. लिफ्टवाला डोळे वटारून म्हणाला, "काल तुम्हीच पास केलीत ना?" कोणाला काही झालं नव्हतं. नशीब!

साहेबांना सांगितलं, काच खराब आहे, एकदा दाबलं तर दोनदा घेते. बिनदिक्कत थाप मारली. वर यादीतही ती ओळ घातली.

१२ फेब्रुवारी

अंगठ्याला पट्टी आवळून बांधून पाहिली. जास्तच थरथरतो.

१३ फेब्रुवारी

कंपनीची इंजिनियर आली. शांत मुलगी. म्हणाली, तक्रार आहे तर तपासून बघू. सगळ्यांना काचेवर शंभर शंभर वेळा दाबायला लावलं. टॉर्चचं एकदाही दोनदा उमटलं नाही. साहेबांचं एकदा. माझं एकतीस वेळा.

"काका, काच ठीक आहे," ती हळूच म्हणाली.

मग सांगून टाकलं. अंगठा, ऑक्टोबर, थाप, सगळं. साहेब ओरडले असते तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाले, "घरी जा. आधी डॉक्टरांना दाखवा."

घरी हिलाही सांगितलं. "मला कळलं होतं हो. तुम्ही कधी सांगताय तेवढंच बघत होते," म्हणाली आणि माझा हात घट्ट धरून बसली. मी लहान पोरासारखा रडलो. तिला एकच सांगत राहिलो — चूक झाली ती एकच, तीही काचेवर. बटणांनी कधी दगा दिला नाही. ती मुलगी जाताना माझा लॅपटॉपही तपासायला घेऊन गेली. नेऊ दे. त्यात काही निघायचं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

साहेबांचा फोन. लॅपटॉपमध्ये प्रत्येक दाबणं जसंच्या तसं साठवलेलं असतं म्हणे. दोषाची खूण लागून लगेच पुसली गेली, अशा सोळा लिफ्ट. पहिली ऑक्टोबरमधली नाही. त्याच्याही दोन वर्षं आधीची.

साहेब आणि टॉर्च कुलपं घेऊन निघालेत. ते पोचेपर्यंत सोळाही ठिकाणी मी कळवायचं. नंबर ही लावतेय. माझ्याच्याने आकडे दाबले जात नाहीत.