तानुताईच्या पाटीसाठी लहान हातोडी

मी, कुमारी शैलजा भाऊराव राऊत, वय बावीस, मुक्काम मोताळा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. सोमवारी नागपूरला माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी भरवसा दिलेला नाही.

१. वडिलांनी माझ्या नावे केलेले सुतारकामाचे दुकान व त्याचे अंगण मी थोरली बहीण तानुबाई हिला देते. सासर सोडून आल्यापासून गाड्यांची चाके तीच घडवते; गिऱ्हाइकांना मात्र घडवणारा म्हणून आमचे चुलते कारभारीकाका यांचे नाव सांगितले जाते.

२. घण ताईचा. तापलेली लोखंडी धाव चाकावर बसवण्यास तोच हवा. अन्य कामास वापरू नये. परवा खंडेनवमीला अवजारे पूजेत मांडलेली असताना काकांनी घाईच्या गिऱ्हाइकासाठी घण फुलांसकट उचलला आणि चाकाचा आरा ठोकला. आरा उभा चिरला. ताईने दुसऱ्या दिवशी नवा घडवला, तेव्हा काका म्हणाले, "बाईच्या हाती अवजार पाहून गिऱ्हाईक पळून जाईन ना वं!"

ताई म्हणाली, "काका, गिऱ्हाईक चाक पाह्यते. हात पाहाले कोन येते?"

मी नेहमीप्रमाणे गप्प राहिले. म्हणून आता लिहीत आहे.

३. आरे ठोकण्याची बाभळीची मोगरीही ताईचीच. काका कामावर आल्यास त्यांच्या हाती हीच द्यावी, मजुरीही द्यावी. घण मागितल्यास देऊ नये. माझा त्यांच्यावर राग आहे, परंतु त्यांची भाकरी बंद व्हावी अशी इच्छा नाही.

४. माझी पुस्तके गावच्या शाळेस. पाने दुमडणाऱ्यास देऊ नयेत.

५. खिळ्यांची लहान हातोडी. माझ्या छातीला एवढीच झेपेल म्हणून बाबांनी ती मला दिली होती, तीही ताईला. माझ्या खाटेखाली "तानुबाई राऊत, गाडीची चाके" अशी मी रंगवलेली पाटी आहे. फळी पातळ असल्याने ती याच हातोडीने दर्शनी दारावर ठोकावी. या एका कलमासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. उद्या निघताना पहिला खिळा मी ठोकणार आहे. काकांनी पाटी धरावी. उरलेले खिळे ताईने ठोकावेत.

शैलजा भाऊराव राऊत

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली:
१. उत्तमराव गणपत खर्चे, शिक्षक
२. सौ. सिंधूताई रमाकांत जोशी, शेजारीण

मोताळा, जिल्हा बुलढाणा
दि. १७ ऑक्टोबर १९६४