दोन गोळ्यांच्या दुकानाची वाटणी

मी, खाली सही करणारी, सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली जंतुशास्त्रज्ञ, कोणाच्या सांगण्यावरून नाही, कोणाच्या धाकाने नाही, डोकं पूर्ण ठिकाणावर असताना हा कागद लिहिते आहे. डोक्याचा दाखला सर्जनसाहेबांनी दिला आहे. पायाचा देता येत नाही म्हणाले. मोडलेल्या मांडीत त्यांनी बसवलेल्या सळईवर जिवाणूंनी बिऱ्हाड थाटलं आहे आणि ते हलायला तयार नाहीत, म्हणून ही घाई.

कलम १. वरचा मजला, भांड्याकुंड्यांसह, लेकीला. ती चष्मे बनवते, भाड्याच्या जागेत. जावयाने मजल्याला नवा रंग द्यायचं मनात आणलं आहे असं कळतं. मी जाईपर्यंत थांबावं.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलाला. त्याला शिंक आली की फोन येतो, ‘आई, एखादं स्ट्राँग सांग ना.’ सर्दी विषाणूंची असते. आपली अँटिबायोटिक्स जिवाणूची भिंत फोडतात, नाहीतर त्याचा प्रथिनं बनवायचा कारखाना बंद पाडतात. विषाणूला ना भिंत, ना कारखाना. तिथे औषध काय कपाळ फोडणार? शिल्लक मिळाल्यावर त्याने चार रुमाल घ्यावेत.

कलम ३. मायक्रोस्कोप माझ्या जुन्या प्रयोगशाळेला. नणंदेच्या हाती लागू देऊ नये, ती त्यावर कुंडी ठेवील.

कलम ४. खालचा गाळा. खरं भांडण याचंच आहे, तेव्हा सविस्तर लिहिते.

या गाळ्यात माझे धाकटे दीर औषधांचं दुकान चालवतात. हे गेले तेव्हा मुलं लहान होती. मी प्रयोगशाळेत असताना त्यांना जेवायला घालणं, शाळेत सोडणं, पाढे म्हणून घेणं, सगळं भाऊजींनी केलं. लग्नसुद्धा केलं नाही. माझा त्यांच्यावर फार जीव आहे, हे तोंडाने कधी म्हटलं नाही, इथे लिहिते.

आता दुसरी बाजू. सगळी गल्ली त्यांना ‘दोनगोळी’ म्हणते. गिऱ्हाईक नुसतं खाकरलं तरी भाऊजी कात्रीने पट्टी कापतात, दोन गोळ्या कागदात बांधतात आणि सांगतात, ‘बरं वाटलं की बंद करा.’ डॉक्टरची चिठ्ठी मागणं त्यांना अपमान वाटतो, गिऱ्हाइकाचा.

या दोन गोळ्यांनी काय होतं ते त्यांना जेवताना इतक्यांदा सांगितलं की भात गार व्हायचा. लाखो जिवाणूंत एखादा मुळातच वेगळा निघतो. कोणी औषधाचे तुकडे करतो, कोणी आत शिरलेलं औषध पंपाने बाहेर फेकतो, कोणी औषध जिथे चिकटतं ती जागाच बदलतो. साधे मरतात आणि या बेरडांना घर मोकळं मिळतं. शिवाय ही विद्या ते पोराबाळांपुरती ठेवत नाहीत. शेजारच्या परक्या जातीच्या जिवाणूलाही तिची नक्कल काढून देतात. ना वकील, ना साक्षीदार, ना नणंद. देणाऱ्याचं काही कमीही होत नाही. आमच्या घराण्यात एका गाळ्यासाठी दोन वर्षं अबोला चालतो.

भाऊजींचं उत्तर ठरलेलं. मी नाही दिल्या तर पलीकडचा देईल.

म्हणून मी कालपर्यंत असं लिहिलं होतं: गाळा दिरांना, पण चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकलं तर त्याच दिवशी तो लेकीचा. भाऊजींनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि मला हिटलरची मावशी म्हणाले.

आज सकाळी जखमेचा रिपोर्ट आला. यादीतल्या सगळ्या औषधांपुढे ‘लागू नाही’. एकापुढे तेवढं ‘लागू’. मी नाव वाचलं. भाऊजींचा चेहरा एकदम उजळला.

“आहे की आपल्याकडे! हल्ली घशालासुद्धा मी तेच देतो.”

बोलून झाल्यावर ते स्टुलावर बसले. माझ्या मांडीतला जिवाणू त्यांच्याच दुकानामुळे असा झाला, असं मी म्हणणार नाही. पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय बोलायची मला सवय नाही. मी गप्प राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच, असं मुलगा म्हणेल.

मग भाऊजी म्हणाले, “वहिनी, अट खोडा. गाळा पोरीला द्या. समोर माणूस कण्हत उभा राहिला की माझ्याच्याने नाही म्हणवत नाही.”

सबब वरील अट खोडली आहे, खोडाखोडीवर माझी सही आहे. गाळा लेकीला, तिने तिथे चष्म्यांचं दुकान थाटावं. भाऊजी हयात असेतो वरच्या मजल्यावर राहतील आणि त्यांचं दोन वेळचं जेवण लेक करील. यात कुचराई झाली तर मी येऊन बघेन.

ते एकमेव औषध आज दुपारपासून मला सुरू झालं आहे. लागू पडलं तर हा कागद मी स्वतः फाडीन. नाही पडलं, तर घरातल्या कोणी भाऊजींना एका शब्दाने बोलू नये. हे औषध आजवर कोणाकोणाला दिलं, ते त्यांनी आत्ताच, माझ्या उशाशी बसून, आठवायला घेतलं आहे.

सही: (पडून केली आहे, म्हणून तिरकी)

साक्षीदार: १. वॉर्डच्या मुख्य नर्स. २. सर्जन, ज्यांनी सळई बसवली.

स्थळ: हाडांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट. दिनांक: रिपोर्ट आला तोच.