आबांच्या डायरीतली माणसं

आबा, काल आत्याचा फोन आला. मी इकडे जामनगरला, पितळेच्या नळांच्या कारखान्यात. तुमचं नाशिकरोडचं घर आता स्मारक झालंय. पुढच्या खोलीत तुमची शेवटच्या वर्षांची डायरी ठेवलीय, अन् आत्या ती पान न् पान वाचतेय. म्हणाली, "अरे, हे पेठचे मास्तर कोण रे? अन् घोटीचे दोघं? घरी तूच होतास ना? रविवारी सगळ्यांना शाल द्यायचीय."

"आठवत नाय गं."

"नातू त्यांचा, अन् नववी नापास! तुला काय आठवणार?"

आठवतं की, आबा. भाताच्या आवणीला, रोपं लावायला जाणाऱ्या बायांची मजुरी वाढवून घ्यायला तुम्ही निघालात, तेव्हा अख्खा घोटीचा बाजार तुमच्या मागं चालला, असं सगळे सांगतात. पण शेवटच्या दोन वर्षांत उंबऱ्याला कोणाचा पाय लागला नाही. मी शाळा सोडलेला, म्हणून तुमच्याजवळ बसवलेला. दुपारी तुम्ही झोपायचात, उठून चष्मा चाचपत विचारायचात, "कोणी आलं होतं का रे?" रोज नाही म्हणताना तुमचं तोंड बघवेना. एक दिवस म्हणालो, "घोटीचे दोघं आले होते."

"मग उठवायचं ना, गाढवा!" तुम्ही डायरीची वही ओढलीत अन् ते लिहून ठेवलंत. त्या दिवशी अर्धी भाकरी जास्त खाल्लीत. मग मी पेठचे मास्तर आणले, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातला फिटर आणला, सगळे मनानंच. तुम्ही लिहीत गेलात.

आता स्मारकाची पोरं पेठला जाऊन आली, अन् एक म्हातारे मास्तर सापडले! "हो, मीच गेलो होतो," म्हणतात. रडले म्हणे. रविवारी मला फोनवरून सभेत बोलायचंय. खरं बोललो तर तुमची वही खोटी पडते. गप्प बसलो तर ज्यांनी पाठ फिरवली तेच पहिल्या रांगेत टाळ्या वाजवतील. काय करू, सांगा ना.

हे लिहिलेलं आत्याला पाठवावं असं दोनदा वाटलं. नाही पाठवणार. कारण एक सांगायचं राहिलंय. एकदा खरंच एक बाई आल्या होत्या, घोटीकडच्या, नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन. तुम्ही आत जागे होतात, खोकत होतात. मला अंबडला कंपनीत काम विचारायला जायची घाई. "झोपलेत," म्हणालो, अन् दार लोटलं. संध्याकाळी तुम्ही विचारलंत तेव्हा, तुम्ही जागे असताना त्यांना परत पाठवलं हे पकडलं जाईल म्हणून मी म्हणालो, कोणीच नाही.