मशीन थांबलं की चिमी मान वर करते

१२ मार्च, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. भावजींचा खोकला गेला का? इकडे सगळे बरे. सासूबाईंचे गुडघे फक्त जिन्यावर कुरकुरतात, यांना पुन्हा पहाटेची पाळी लागली आहे आणि माझ्याकडे शाळेचे गणवेश शिवायला आलेत. चिमी छान आहे.

तू येऊन गेलीस त्याच्या पुढच्याच आठवड्यात एक बाई दारात उभ्या राहिल्या. खांद्याला मोठी पिशवी, तोंडभर हसू. म्हणाल्या, "बालविकास केंद्रातून आलेय. लहान मुलांची वाढ नीट होतेय ना, ते बघतो आम्ही."

"आमच्याकडे लहान मूल आहे हे कुणी सांगितलं?"

"फोन आला होता."

कुणाचा, ते मात्र ताकास तूर लागू दिली नाही. त्यांना पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

पहिला संशय शेजारणीवर. तिचा नातू चिमीएवढाच, दीड वर्षाचा, आणि तोंडाची टकळी चालूच. "तुमची अजून आई म्हणत नाही का हो?" हे ती येता-जाता विचारणार. तिच्याशी बोलणंच सोडलं. मग वाटलं, सासूबाई असतील. पण त्या म्हणाल्या, "माझा मुलगा तिसऱ्या वर्षी बोलला. आता तरी कुठे बोलतो?" राहिले हे. यांना विचारलं, तर मान खाली घालून म्हणाले, "मी नाही केला. पण करावा असं मनात होतं." दोन दिवस मी यांच्याशीही धड बोलले नाही.

बाई पुन्हा आल्या. या वेळी मीच त्यांना आत घेतलं, म्हटलं एकदाचं तोंड बंद करू. चिमी नेहमीसारखी मशीनच्या पायाला पाठ टेकून बसली होती. मी शिवत असले की ती तिथेच खेळते, आणि मशीन थांबलं की लगेच मान वर करून माझ्याकडे बघते. मी तेच करून दाखवलं. म्हटलं, "बघा, ऐकू येतं की नाही?"

बाईंनी मशीनच्या पायाला हात लावून पाहिला. मग म्हणाल्या, "तिला कॉटवर बसवून करून बघू या?"

कॉटवर बसवलं. मी मशीन चालवलं, थांबवलं. पुन्हा चालवलं, इतकं जोरात की सुई मोडली. चिमी चेंडू चाटत बसली होती.

बाई हळूच म्हणाल्या, "मशीनचा हादरा तिला पाठीला कळतो."

मी म्हटलं, "तुम्ही समोर बसलात ना, म्हणून तिचं लक्ष नाही." आणि उठून दार उघडलं. त्या रागावल्या नाहीत. जाताना चिमीसमोर बसून म्हणाल्या, "येते हं, ठमाबाई."

ताई, आम्ही सगळे तिला चिमी म्हणतो. ठमाबाई म्हणणारी जगात एकच आहे.

त्या गेल्यावर मी चिमीच्या मागे उभी राहिले आणि हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग पातेल्याचं झाकण फरशीवर आपटणार, तेवढ्यात आठवलं, हादरा. तिला पुन्हा कॉटवर ठेवलं आणि मग आपटलं. सासूबाई आतून गुडघे विसरून धावत आल्या. चिमी हलली नाही. सासूबाईंनी झाकण उचललं, पदराने पुसलं आणि म्हणाल्या, "त्या बाईंना बोलावून घे."

खरं सांगू? असं झाकण आपटून बघायचं माझ्या मनात कितीदा आलं होतं. तुझ्या येण्याच्याही आधी. म्हणून तर मी सगळ्यांवर पाळत ठेवून होते. चोराच्या मनात चांदणं.

काल तपासणी झाली. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्याने थोडं येतं. पुढच्या आठवड्यात कानाचं यंत्र बसेल आणि त्याच बाई घरी येऊन आम्हाला शिकवणार आहेत, तिच्याशी कसं बोलायचं ते. वेळेत कळलं म्हणाल्या. अजून वर्ष गेलं असतं तर जड गेलं असतं. मी ऐकून घेतलं, पण त्यांच्यावर माझा पुरता विश्वास अजून बसलेला नाही. तुझ्यावर तर मुळीच नाही. माझ्या घरात चार दिवस राहिलीस, माझ्या हातचं जेवलीस, आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी भांडले असते, हेही खरं.

यंत्र बसेल तेव्हा ये. बाईंनी सांगितलंय, तिच्याजवळ जाताना पाठीमागून जायचं नाही, समोरून जायचं, तोंड दिसेल असं.

माझ्याजवळही तशीच ये.

तुझी,
रागावलेली, तरी वाट बघणारी
धाकटी