रोज्यातला सराव

प्रिय अब्देलहक,

तुझ्या धावण्याच्या क्लबाच्या नव्या पाटीवर तुझ्या नावाखाली ‘क्रीडाशास्त्रज्ञ’ असं रंगवून घेतलंयस म्हणे. तुझा शेजारी कामासाठी मेकनेसला आला होता, त्यानेच सांगितलं. अर्धं आयुष्य मी इथे शाळेत जीवशास्त्र शिकवतेय, पण माझ्या दारावर नुसतं ‘नेझा’ एवढंच आहे. तू शाळेत असताना पेशीची आकृती माझ्याच वहीतून उतरवायचास, तीही चुकीची. तेवढ्या शिदोरीवर शास्त्रज्ञ झालास, कमाल आहे तुझी.

रीम माझ्याकडे आहे आणि बरी आहे. गल्लीत तू सांगत सुटला आहेस की पोरगी आत्याकडे अभ्यासाला गेलीय. अभ्यासाला! रमजानात रोजा सुटायच्या तासभर आधी तुमच्या इफ्रानच्या देवदारांच्या रानात सगळेच धावतात, सावकाश धावलं तर काही बिघडत नाही. श्वास पुरतो, पेशींना ऑक्सिजन मिळतो, त्या अंगातली चरबीसुद्धा निवांत पूर्ण जाळतात. तू मात्र नेमक्या त्याच वेळी लेकीला जीव तोडून वेगाच्या फेऱ्या मारायला लावल्यास. का, तर म्हणे उपाशी पोटी स्नायू हवेशिवाय जगायला शिकतात. स्नायू काय तुझ्याकडे शिकवणीला येतात? एवढ्या वेगात श्वास कमी पडला की पेशी साखर अर्धवटच मोडते. त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि ऊर्जा निघते ती पूर्ण जळण्याच्या पासंगालाही न पुरणारी. म्हणून साखर भसाभस संपते. चरबी तिथे कामाची नाही, ती ऑक्सिजनशिवाय जळतच नाही. पहाटेपासून अन्नाचा कण की पाण्याचा थेंब न घेतलेल्या पोरीच्या अंगात साखर राहिली होती किती, हा हिशेब तुझ्यातल्या शास्त्रज्ञाला सुचला नाही.

ती ओकली, तिथेच कोसळली, आणि तू सगळ्या पोरांसमोर म्हणालास, “उंदराचं काळीज घेऊन आलीय, उठवा हिला.” ती उठली आणि उरलेल्या फेऱ्या पळाली. रोजा सोडताना हरीरा सुपाचा घोटसुद्धा तिच्या पोटात ठरला नाही. दुसऱ्या दिवशी तू तिला हमामात पाठवलंस, वर अंग घासणाऱ्या बाईला निरोप धाडलास, “पायांतलं आम्ल नीट घासून काढ.” अरे, ते आम्ल आदल्या संध्याकाळीच रक्तावाटे निघून गेलं होतं. बाईला काय ठाऊक, तिने इमानेइतबारे पोरीची सालं काढली. रीम माझ्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या पोटऱ्या लालभडक होत्या. मला राग आला नाही, नुसती तुझी लाज वाटली. आज तिची आई हयात असती तर तिने तुला त्या रानातच सोडून दिलं असतं.

इथे ती रोजा सुटल्यावर पोटभर जेवते, मग जरा जिरलं की गल्लीतून संथ धावते. ईद झाली की रविवारी इथल्या मैदानावर निवडीची पंधराशे मीटरची शर्यत आहे. पहिल्या तिघींत आली तर रबातच्या सराव-शिबिरात राहायला जाईल, आणि तुझ्या शास्त्रातून तिची कायमची सुटका होईल. मला यापेक्षा जास्त काही नको.

हे पत्र मी आपण होऊन लिहिलं नसतं. काल मटार सोलता सोलता रीम म्हणाली, “आत्या, बाबांना कळव ना. शेवटच्या वळणावर त्यांचा आवाज आला नाही तर मी कुणासाठी पळू?” मी म्हटलं, “त्या माणसाने तुला काय दिलं गं?” ती मटार सोलत राहिली. वाटी भरल्यावर तिने तेच पुन्हा विचारलं. म्हणून ये. शेवटच्या वळणावर उभा राहा आणि तिचं नाव ओरड. नुसतं नाव.

नाइलाजाने का होईना, तुझीच थोरली बहीण,
नेझा